ताप जात नाही, इन्फेक्शन कुठंय ते सापडत नाही, मग पेट स्कॅन कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे, पाच आठवडे रोज संध्याकाळी १०१ च्या आसपास ताप, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) शंभरच्या वर, छातीचा एक्सरे नॉर्मल, पोटाची सोनोग्राफी नॉर्मल, लघवी स्वच्छ. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, गोळ्या चालू असेपर्यंत ताप उतरतो आणि बंद केल्या की चार दिवसांत परत येतो. डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, सहा वर्षांपूर्वी उजवा गुडघा बदललाय. आता डॉक्टरांनी पेट-सीटी, म्हणजे पेट आणि सीटी एकत्र, सांगितलाय आणि घरचे सगळे घाबरलेत, कारण पेट म्हणजे कॅन्सरचा स्कॅन असंच सगळ्यांनी ऐकलंय. विचारलंय की हा कशाला, त्यापेक्षा पूर्ण अंगाचा एमआरआय का नको, आणि यात नक्की सापडेल का.

मी बरीच वर्षं न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन स्कॅन करण्याच्या विभागात, काम करतोय आणि असे पेशंट दर आठवड्याला बघतो, म्हणून जरा मोठं लिहितो, घाईत वाचू नका.

आधी भीतीचं बघू. पेटमध्ये जे औषध शिरेतून देतात त्याला एफडीजी म्हणतात, ते म्हणजे ग्लुकोजच, फक्त त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. ज्या पेशीला भूक जास्त ती हे ग्लुकोज जास्त ओढते, पेशीच्या आत गेल्यावर त्याची पहिली प्रक्रिया होते पण पुढे ते जळत नाही आणि तिथंच अडकून बसतं, आणि आम्ही ते अडकलेलं बघतो. कॅन्सरची पेशी भुकेली असते हे खरंच, पण जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज, कामाला लागल्या की त्याही तेवढ्याच भुकेल्या होतात. म्हणजे जिथं पू होतोय, जिथं सूज पेटलेली आहे, ती जागा स्कॅनवर उजळते. स्कॅनला कॅन्सर आणि इन्फेक्शन यातला फरक माहीत नसतो, त्याला फक्त भूक कळते. म्हणून डॉक्टरांनी पेट लिहिला याचा अर्थ त्यांना कॅन्सरचा संशय आहे असा लगेच काढू नका. अशा तापाची कारणं इन्फेक्शन, अंगातली दुसरी कुठली सूज किंवा गाठ अशी तिन्ही असू शकतात, आणि हा एक स्कॅन तिन्हीकडे एकदम बघतो म्हणूनच तो सांगितलाय.

न सापडणाऱ्या तापाची व्याख्या १९६१ साली पीटर्सडॉर्फ आणि बीसन या दोन डॉक्टरांनी केली होती, ३८.३ सेल्सिअसच्या (साधारण १०१ फॅरनहाइट) वर ताप, तोही पुन्हापुन्हा, तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस, आणि आठवडाभर दवाखान्यात ठेवून तपासूनही निदान नाही. त्या काळी सीटीसुद्धा नव्हता, पोट उघडून बघणं हाच बऱ्याचदा शेवटचा उपाय असायचा. आज साधनं भरपूर आहेत, म्हणून अडचण वेगळी झालीय, कुठलं साधन कधी वापरायचं ही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. प्रत्येक स्कॅनला ठरावीक गोष्टीच नीट दिसतात. सोनोग्राफी पटकन होते, रेडिएशन नाही, आणि लिव्हरमधलं गळू, पित्ताशयाची सूज, किडनीत अडकलेली लघवी हे ती छान दाखवते, पण आतड्यातल्या हवेच्या पलीकडचं तिला दिसत नाही, हाडाच्या आतलं तर नाहीच, त्यामुळे पोटाची सोनोग्राफी नॉर्मल याचा अर्थ पोटात काही नाही असा होत नाही, पाठीच्या कण्याशेजारचा भाग तर तिच्यातून हमखास निसटतो. सीटी कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते चित्र उठावदार करणारं औषध) देऊन केला तर गळूच्या कडेची भिंत उजळते आणि मधला पू काळा राहतो, नको तिथं हवेचे बुडबुडे असतील तर तेही लगेच दिसतात, डायबेटिसवाल्यांच्या किडनीत जंतूंमुळे गॅस होतो त्याचं निदान तर सीटीवरच पक्कं होतं आणि ते तासांच्या हिशोबात करावं लागतं. कॉन्ट्रास्टशिवाय केलेला पोटाचा सीटी मात्र अशा शोधात अर्धाच उपयोगाचा, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी, बघून घ्यावं आणि किडनी परवानगी देत असेल तर कॉन्ट्रास्ट टाळू नये.

एमआरआय मणका आणि मेंदू यासाठी राजा आहे. मणक्यातल्या गादीचं इन्फेक्शन साध्या एक्सरेवर दिसायला दोनतीन आठवडे लागतात, कारण हाडातलं कॅल्शियम बऱ्यापैकी, साधारण तिसरा हिस्सा किंवा जास्त, गेल्याशिवाय एक्सरेला फरकच कळत नाही, एमआरआयला मात्र हाडातलं पाणी वाढलेलं आठवड्याच्या आतही दिसू शकतं. पूर्ण अंगाचा एमआरआय ही कल्पना ऐकायला बरी वाटते पण एकाच वेळी डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचं म्हटलं की प्रत्येक भागाची बारीक चित्रं घेणं वेळेत बसत नाही, छाती श्वासाबरोबर हलते, आणि बदललेल्या गुडघ्याच्या धातूमुळे नेमकं त्याच्या आजूबाजूचं चित्र फाटतं. जागा माहीत असेल तर एमआरआय उत्तम. जागाच माहीत नसेल तर आधी जागा दाखवणारं काहीतरी लागतं.

आणि जागा दाखवणारी सगळ्यात जुनी गोष्ट म्हणजे पेशंट स्वतः. हे मी एका बाईंकडून शिकलो. सात आठवडे ताप, छाती पोट सगळं बघून झालेलं, फाइल जाडजूड, आमच्याकडे पेटसाठी आल्या. टेबलावर झोपवताना टेक्निशियन म्हणाला, ताई उजवा पाय सरळ करा, त्या म्हणाल्या हो करते, आणि गुडघा तसाच वर. दोनदा सांगितलं, दोनदा तसंच. शेवटी त्याने गुडघ्याखाली हात घालून हळूच खाली दाबायला घेतलं तशी त्यांची कंबर टेबलावरून उचलली गेली आणि त्या कळवळल्या. कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जाणारा सोआस नावाचा स्नायू असतो, त्याच्यात पू साठला की माणूस तो पाय पोटाकडे घेऊनच झोपतो, सरळ केला की दुखतं. नंतर विचारल्यावर त्या म्हणाल्या महिनाभर उशी पायाखाली घेऊनच झोपतेय, गुडघेदुखी असेल असं वाटलं म्हणून कुणाला सांगितलं नाही. पेटवर दुसऱ्या तिसऱ्या कमरेच्या मणक्याशी झगझगीत उजेड आणि त्याच्या बाजूने खाली मांडीकडे उतरणारी कडा, मधे काळं, म्हणजे पू. मग एमआरआय केला, गादी बऱ्यापैकी शाबूत, पू मणक्याच्या पुढच्या पडद्याखालून सरकत गेलेला, हे टीबीचं लक्षण, साध्या जंतूंचं असतं तर गादी लवकर खाल्ली जाते. सुईने पू काढला, तपासणीत टीबीच निघाला. सात आठवड्यांत एकदा कुणी त्यांना पाठीवर सरळ झोपवून पाय ताणायला सांगितला असता तर इतका वेळ गेला नसता, आणि हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाहीये, तुमच्या वडिलांना आज रात्रीच सरळ झोपवून बघा म्हणून सांगतोय. पाठीच्या मणक्यांवर एकेक करून मुठीने हलकं ठोकून बघा, कुठं दचकतात का. दाढा दाबून बघा. डोकं दुखतंय का, चावताना जबडा भरून येतो का, नजर मधेच धूसर होते का हे विचारा, कारण त्या वयात मोठ्या रक्तवाहिन्यांची सूज असा ताप देते आणि पेटवर ती महाधमनीच्या भिंतीवर छान दिसते. नजरेची तक्रार असेल तर मात्र स्कॅनची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

पेटच्या आधी अजून एक गोष्ट झालीय का बघा, रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी, दोन किंवा तीन वेगवेगळ्या टोचण्यांतून, आणि शक्यतो अँटिबायोटिक चालू नसताना. कारण जंतूचं नाव कळलं की ते स्वतःच पत्ता सांगतं. स्टॅफ ऑरियस आला तर हृदयाच्या झडपा आणि मणका, स्ट्रेप्टोकोकस गॅलोलिटिकस आला तर झडपांबरोबर मोठं आतडं दुर्बिणीतून बघावंच लागतं कारण तिथं गाठ सापडण्याची शक्यता खरी असते, क्लेबसिएला आला आणि डायबेटिस असेल तर लिव्हर, आणि त्याच वेळी डोळेही तपासायचे. दोन कोर्स झाल्यावर कल्चर निगेटिव्ह येणं साहजिक आहे, त्याच्यावर फार भरवसा ठेवू नका. ताप गोळ्यांनी उतरतो आणि बंद केल्यावर परत येतो हे तुम्ही लिहिलंय ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, औषध पोचतंय पण मुळाशी कुठंतरी पू किंवा धातू किंवा झडप असं काहीतरी आहे जिथं जंतू टिकून राहतायत, असं वागणं लपलेल्या इन्फेक्शनचं असतं.

आता तयारी, आणि इथं मी जरा हट्टी आहे, कारण निम्मे बिघडलेले पेट स्कॅन मशीनमुळे बिघडत नाहीत, तयारीमुळे बिघडतात. किमान सहा तास उपाशी, पाणी भरपूर चालतं, साखरेचं काहीही नाही. इंजेक्शनच्या वेळी शुगर २०० च्या खाली असावी. मेटफॉर्मिनमुळे आतडं एवढं उजळतं की त्याच्या आड काय आहे ते कळत नाही, म्हणून साधारण दोन दिवस आधी ते थांबवतात, पण स्वतःच्या मनाने थांबवू नका, शुगर वर जाईल, डॉक्टरांना विचारून पर्याय घ्या. लवकर काम करणारं इन्सुलिन स्कॅनच्या आधी चार तासांत घेतलं तर सगळं ग्लुकोज स्नायूंमध्ये जातं. एकदा एक आजोबा अशक्तपणा वाटला म्हणून वाटेत गोड पेय पिऊन आले आणि सांगायचं राहिलं, स्कॅनवर दंड, मांड्या, हृदय सगळं पेटलेलं आणि बाकी शरीर फिकट, काहीच वाचता येईना, दोन दिवसांनी परत करावा लागला. ते एवढे ओशाळले होते, मी म्हटलं चूक आमची, आम्ही दारात विचारायला हवं होतं. तेव्हापासून मी स्वतः विचारतो.

इंजेक्शन दिल्यावर तासभर अंधाऱ्या खोलीत शांत पडायचं, बोलायचं नाही, मोबाइल नाही, कारण हलणारा स्नायू औषध खातो. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे दर दोन तासांना अर्ध्याहून जास्त संपतं, उशिरा पोचलात तर तुमच्या नावाचा डोस वाया जातो. त्या दिवशी काही तास लहान बाळं आणि गरोदर बायकांपासून अंतर ठेवायचं, पाणी प्यायचं, सारखी लघवी करायची, एवढंच.

हृदयाच्या झडपेचा संशय असेल तर तयारी अजून कडक. हृदयाचा स्नायू बऱ्याचदा ग्लुकोज खातो, त्यामुळे झडप त्या उजेडात बुडून जाते, म्हणून आदल्या दिवशी पिष्टमय आणि गोड पूर्ण बंद, फॅट आणि प्रोटीनवर राहायचं आणि मग बारा तास किंवा जास्त उपास, म्हणजे हृदय फॅटवर चालायला लागतं आणि शांत होतं. कृत्रिम झडप बसवलेली असेल तर पेट फार उपयोगी पडतो, २०१५ पासून युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तो निदानाच्या निकषांत आहे आणि झडपेच्या इन्फेक्शनचं निदान ठरवणाऱ्या २०२३ च्या सुधारित ड्यूक निकषांमध्येही आहे. स्वतःच्या मूळच्या झडपेवरचं छोटं इन्फेक्शन मात्र पेटमधून सहज सुटतं, तिथं अन्ननलिकेतून केलेला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, जास्त सांगतो. तुमच्या वडिलांचा इको झालाय का ते तुम्ही लिहिलं नाही, झाला नसेल तर आधी तो करा.

स्कॅन झाल्यावर रिपोर्ट हातात आला की घरी गुगल करून घाबरायला होतं, म्हणून काही शब्दांचा अर्थ आत्ताच सांगून ठेवतो. हाडांच्या मगजात सगळीकडे सारखा उजेड आहे असं लिहिलं असेल तर ते बहुतेक वेळा तापाला मगजाने दिलेलं उत्तर असतं, तो तापाचा उगम नव्हे. स्प्लीन, म्हणजे प्लीहा, थोडी उजळ दिसणं तसंच. मेंदू नेहमीच झगझगीत असतो कारण तो साखरेवरच चालतो, म्हणून मेंदूतलं गळू पेटमध्ये शोधायचं नसतं. किडनी आणि मूत्राशय उजळतात कारण औषध लघवीतून जातं. हल्ली लस घेतली असेल तर त्या हाताच्या काखेतल्या गाठी उजळतात, लस कुठल्या हातावर घेतली ते सांगा. नुकत्या झालेल्या ऑपरेशनची जखम तीन महिन्यांपर्यंत उजळ राहू शकते. धातूजवळचा उजेड खोटा असू शकतो, कारण शरीरात अडलेल्या किरणांचा हिशोब सीटीवरून दुरुस्त करताना धातूच्या आजूबाजूला आकडा उगाच वाढतो, म्हणून आम्ही दुरुस्ती न केलेली चित्रंही उघडून बघतो, तिथंही उजेड राहिला तर तो खरा मानायचा.

बदललेल्या गुडघ्याचं वेगळं लिहितो कारण तुमच्या केसमध्ये माझं लक्ष तिकडं जातंय. कृत्रिम सांध्याभोवती एफडीजी काही वर्षं उगाचच थोडं दिसत राहतं, फक्त हाड धातूवर घासतंय म्हणूनही, त्यामुळे नुसत्या पेटवर गुडघा दोषी ठरवायचा नाही. तिथं पांढऱ्या पेशींचा स्कॅन जास्त खरा बोलतो. पेशंटचं साधारण ४० ते ५० मिली रक्त काढतात, लॅबमध्ये त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यांना टेक्नेशियम किंवा इंडियम हे किरणोत्सारी पदार्थ जोडतात आणि त्याच माणसाला परत देतात, नाव आणि नंबर दोन माणसांनी वेगवेगळे वाचून, कारण इथं अदलाबदल म्हणजे दुसऱ्याचं रक्त. मग त्या पेशी स्वतः चालत इन्फेक्शनकडे जातात. टेक्नेशियम असेल तर तीनचार तासांनी एक चित्र आणि दुसऱ्या दिवशी एक, आणि दुसऱ्या दिवशी उजेड वाढला तर इन्फेक्शन, तसाच राहिला किंवा फिका झाला तर बहुतेक हाडाचा मगज, कारण पांढऱ्या पेशी तिथं एरवीही जातात. शंका राहिली तर मगजाचा वेगळा स्कॅन जोडीला करतात आणि दोन्ही शेजारी ठेवून बघतात. मणक्यात मात्र हा स्कॅन फसवतो, इन्फेक्शन असलेला मणका बऱ्याच वेळा उजळायच्या ऐवजी काळाच दिसतो, म्हणून मणक्यासाठी तो मागू नये.

आणि खरं सांगू का, गुडघा सुजलेला किंवा गरम असेल तर कुठल्याही स्कॅनआधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून सुईने सांध्यातलं पाणी काढून घ्या, पेशी मोजा, कल्चर लावा. ती सुई एका दिवसात जे सांगेल ते मी दोन स्कॅन करूनही सांगू शकणार नाही.

हेच पुढच्या पायरीलाही लागू आहे. पेटने जागा दाखवली म्हणजे निदान झालं असं नाही, उजेडाला नाव नसतं. टीबी, साधे जंतू, बुरशी, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) सगळे सारखेच उजळतात. जागा सापडली की तिथून पू किंवा तुकडा काढायचा, सोनोग्राफी किंवा सीटीखाली सुई घालून, आणि तो तुकडा फॉर्मलिनमध्येच सगळा बुडवून पाठवायचा नाही, अर्धा कोरडा किंवा सलाइनमध्ये कल्चरला आणि टीबीच्या तपासणीला. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर उगवत नाही, आणि पेशंटला परत टोचावं लागतं. हे मी एवढ्या वेळा बघितलंय की आता सुई घालायच्या आधी बाटल्या टेबलावर मांडलेल्या आहेत का ते बघतो.

नक्की सापडेल का, याला प्रामाणिक उत्तर, नाही, नक्की नाही. सीआरपी वाढलेला असताना आणि ताप चालू असताना केला तर काहीतरी हाती लागण्याची शक्यता चांगली असते, वडिलांचा सीआरपी शंभरच्या वर आहे म्हणजे वेळ योग्य आहे. तिसरा अँटिबायोटिक कोर्स किंवा स्टेरॉइड सुरू करून ताप दाबला आणि मग स्कॅन केला तर उजेड फिका पडतो, विशेषतः स्टेरॉइडने. म्हणून तब्येत स्थिर असेल तर आधी स्कॅन मग औषध. पण बीपी पडतंय, श्वास वाढलाय, भ्रम होतोय, लघवी कमी झाली असं काही असेल तर स्कॅनची वाट बघत औषध थांबवायचं नाही, कल्चर घेऊन लगेच दवाखान्यात. आणि पेट पूर्ण स्वच्छ आला तर तो वाया गेला असं समजू नका, अशा बऱ्याच पेशंटांचा ताप पुढे आपोआप जातो आणि किमान मोठं काही लपलेलं असण्याची भीती बरीच कमी होते.

शेवटचं, आणि हे उद्याच करा. नेहमीचा पेट-सीटी कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंतच घेतात, कारण तो कॅन्सरसाठी तसा ठरलेला आहे. रेफरन्सच्या कागदावर नुसतं "ताप, कारण शोधणे" लिहिलं असेल तर टेक्निशियन तेवढाच घेईल. डॉक्टरांकडून त्यावर लिहून घ्या, उजवा गुडघा बदललेला, ऑपरेशनचं साल, डायबेटिस, कुठली अँटिबायोटिक कधीपर्यंत घेतली, आणि स्कॅन डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत घ्यावा. गुडघ्याच्या ऑपरेशनचा जुना डिस्चार्ज कागद सोबत न्या. आणि काउंटरवर तुम्ही स्वतः तोंडी परत सांगा, कारण स्कॅन मांडीपाशी थांबला तर तो गुडघा चित्रात येणारच नाही.